नऊ मेक्सिकन आणि शेवटचं आडनाव

विश्राम धोंडू शिगवण. तुमच्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं की मी हे नाव सांगतो, आणि विचारणारा हमखास पुढे म्हणतो, "हे तुमचे कोण?" कारण माझं नाव अनंत गोपाळ मांडवकर. त्यात शिगवणांचा कुठे पत्ता लागत नाही. ते माझे मामा. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो. वडील मुंबईला नोकरीला होते, त्यांनी पुढे दुसरा संसार मांडला, आणि मी देवरुखला मामांच्या घरी राहिलो तो राहिलोच. मामी तिच्या दोन मुलींच्या आणि माझ्या ताटात एकाच पळीने वाढायची. त्या घरात मला परकेपणा कधी वाटला नाही. वाटायचा तो शाळेत, हजेरी घेताना. मामेबहिणी शिगवण आणि मी मांडवकर. कोणीतरी मागून म्हणायचंच, "हा शिगवणांकडे वस्तीला असतो."

मामा तहसील कचेरीच्या आवारात फणसाखाली टेबल टाकून बसत आणि लोकांचे अर्ज टाइप करून देत. वारसनोंद, जातीचा दाखला, रेशनकार्डात सुनेचं नाव घालणं, असली कामं. त्यांचा मराठी टाइपरायटर इतका जुना होता की 'ळ' उमटवायला दोनदा ठोकावं लागे. शाळा सुटली की मी तिथे जाऊन अभ्यास करी, आणि त्या खटखटीत मला चांगला अभ्यास होई. मामांची एक पद्धत होती. समोरच्या माणसाने कितीही कागद आणले असले तरी ते आधी बाजूला ठेवायचे आणि विचारायचे, "तुझं नाव काय? बापाचं काय? आडनाव काय?" ओळखीच्या माणसालाही विचारायचे. मग अर्ज टाइप झाला की कागद मशीनमध्येच ठेवून तो पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचून दाखवायचे. माणूस "बरोबर" म्हणाला की मगच कागद बाहेर. घाईत असलेले लोक वैतागत. एकदा एक पोलीसपाटील म्हणाला, "विश्राम, माझं नाव तू पंचवीस वेळा टाइप केलंस, आता काय विचारतोस?" मामा म्हणाले, "पंचवीस वेळा बरोबर आलं ते विचारलं म्हणून."

दहावीचा फॉर्म भरायची वेळ आली तेव्हा मी मामांकडे हट्ट धरला. माझ्या नावापुढे शिगवण लावा, म्हटलं. तुम्ही सांभाळलंत, मग तुमचं नाव का नको? मामांनी चष्मा काढून पुसला, परत घातला आणि म्हणाले, "अन्या, बापाचं नाव खोडून मी कोणाचा अर्ज भरलेला नाही. तुझा कसा भरू?" मी रडलो. मामी मध्ये पडली. मामा हलले नाहीत. एवढंच म्हणाले, "तुझ्या नावात मला जागा नाही, पण माझ्या घरात तुला आहे. तेवढं पुरे आपल्याला." फॉर्म गेला. मी दहावी झालो, बारावी झालो, आणि देवरुखच्याच कॉलेजातून बी.कॉम. झालो. दोन्ही घराण्यांतला पहिला पदवीधर. निकालाच्या दिवशी मामांनी माझी गुणपत्रिका टाइपरायटरला लावून ठेवली, आणि दिवसभर येईल त्याला अर्जाआधी ती वाचावी लागली.

अशा शिदोरीवर मी सौदीला गेलो. रास तनुरा रिफायनरीच्या शेजारी रहीमा नावाचं गाव आहे, तिथे एका ठेकेदार कंपनीत मला कारकुनाची नोकरी मिळाली. आमची खोली एका अफगाण भट्टीच्या वरच्या मजल्यावर होती. पहाटेच्या अजानीच्या आधीच खाली पीठ आपटल्याचा धप्प, धप्प आवाज सुरू व्हायचा आणि पाठोपाठ गरम रोटीचा वास जिन्यावरून वर यायचा. भट्टीमुळे आमची फरशी हिवाळ्यात उबदार आणि उन्हाळ्यात तव्यासारखी असायची. खिडकीतला एसी ट्रकसारखा घरघरायचा आणि मध्येच उचकी देऊन बंद पडायचा. तो बंद पडला की आम्हाला जाग यायची. आम्ही म्हणजे मी आणि हर्णैचे इब्राहीमचाचा. चाचा कंपनीची बस चालवत. वयाने मामांएवढे, आवाज मात्र समुद्रावर हाका मारून तयार झालेला. खोलीत स्वयंपाक त्यांचाच. मी भांडी घासायची आणि नारळ खवायचा, हा पहिल्याच दिवशी झालेला करार. शुक्रवारी नमाजाहून आले की ते बाजारातली सुरमई तळायचे, तांदळाच्या भाकऱ्या थापायचे आणि मला विचारायचे, "काय रे अनंता, तुझी मामी अशी करते काय?" मी प्रामाणिकपणे "नाही" म्हणायचो. चाचा म्हणायचे, "मग मामीकडे जा. इथे का जेवतोस?" आणि सर्वांत मोठी तुकडी माझ्या ताटात टाकायचे.

कंपनीत माझं काम बाहेरून येणाऱ्या माणसांच्या कागदपत्रांचं. कोणी इंजिनिअर पाहुणा म्हणून यायचा असला की कंपनीच्या लेटरहेडवर निमंत्रण टाइप करायचं, त्यावर व्यापारी मंडळाचा शिक्का आणायचा, ते दम्मामला परराष्ट्र खात्याच्या कचेरीत द्यायचं. तिथून मंजुरीचा क्रमांक त्या माणसाच्या देशातल्या सौदी वकिलातीत जायचा, आणि तिथे पासपोर्टवर व्हिसा लागायचा. आज माझा नातू मोबाईलवर पाच मिनिटांत कुठल्या कुठल्या देशाचा व्हिसा काढतो. मला त्याचा हेवा वाटत नाही. एकेका शिक्क्यासाठी मी किती माणसांना भेटलो, ते त्याला मिळणार नाही.

त्या काळात सौदीकरणाचा जोर सुरू झाला होता. कारकुनाच्या, विशेषतः सरकारी कचेऱ्यांशी संबंध येणाऱ्या खुर्च्या सौदी माणसांना द्यायच्या, असा नियम आला. माझ्या इकाम्यावर, म्हणजे तिथे राहण्याच्या परवान्यावर, धंदा 'कारकून' लिहिलेला होता, त्यामुळे माझी खुर्ची जाणार हे नक्की झालं. एके दिवशी अबू सालेह माझ्यासमोर येऊन बसला. पंचेचाळिशीचा, पोट सुटलेला, हसरा. जवळच्या तारूत बेटावरच्या मासळीबाजारात त्याच्या वडिलांचं दुकान होतं आणि तोही वीस वर्षं तिथेच बसलेला. हिंदी त्याला मासे घेणाऱ्या आपल्या लोकांनी शिकवली होती, म्हणून ती फार मोकळी होती. टाइपिंग येत नव्हतं. मी त्याला काम शिकवायचं आणि मग खुर्ची सोडायची, असं ठरलं.

मी त्याला अर्धंच शिकवत होतो. हे लिहायला आजही जड जातं. फायली कशा लावल्या आहेत, कुठल्या कागदावर आधी कुठला शिक्का, हे मी डोक्यात ठेवलं आणि त्याला नुसती पाकिटं चिकटवायला दिली. तो निमूटपणे चिकटवायचा आणि घरून थर्मासमध्ये आणलेली कॉफी आधी मला ओतायचा. पहिल्याच आठवड्यात त्याने विचारलं, "तुला मुलगा आहे?" मी म्हटलं, लग्नच नाही. "मग तुला हाक कशी मारायची? आमच्याकडे माणसाला मुलाच्या नावाने हाक मारतात. सालेहचा बाप, म्हणून मी अबू सालेह. मुलगा नसेल तर होणाऱ्या मुलाला आजोबाचं नाव धरून चालतात. तुला वाढवलं कोणी?" माझ्या तोंडून निघून गेलं, "विश्राम." तेव्हापासून मी अबू विश्राम. चहावाल्यापासून गेटवरच्या पहारेकऱ्यापर्यंत सगळे मला त्याच नावाने हाक मारू लागले. तरीही मी त्याला फायली दाखवल्या नाहीत, इतकी मला भीती होती.

तेवढ्यात मेक्सिकनांचं काम आलं. रिफायनरीतल्या एका जुन्या भट्टीच्या नळ्या बदलायच्या होत्या आणि ते काम करणारी नऊ माणसं मेक्सिकोतून यायची होती. भट्टी बंद करायची तारीख ठरलेली होती. मॅनेजरने मला बोलावून सांगितलं, "हे नऊ जण वेळेवर आले तर तुला साइटवर घेतो. तिथे कागदपत्रांचा माणूस लागतो, ती जागा तांत्रिक धरतात, इकामा बदलून मिळेल. नाही आले, तर खलास. तुझं तिकीट काढतो." मी मान डोलावली. नऊ निमंत्रणं म्हणजे माझ्या हातचा मळ होता.

मेक्सिकोहून फॅक्सने नावांची यादी आली. पासपोर्टच्या प्रतीही आल्या, पण फॅक्सवर त्या डांबर फासल्यासारख्या काळ्या उमटल्या होत्या. फक्त पासपोर्टचे क्रमांक त्यांनी हाताने खाली लिहिले होते. पहिलं नाव एर्नेस्तो साल्गादो रिवास. मला वाटलं, आपल्यासारखंच आहे की! एर्नेस्तो हे स्वतःचं नाव, साल्गादो वडिलांचं, रिवास आडनाव. अर्जातही रकाने तसेच होते. मी खुशीत नऊच्या नऊ अर्ज तासाभरात भरले. चौथं नाव राउल साल्गादो पेन्या. पेन्या कुटुंबातला कोणी राउल. व्यापारी मंडळाचा शिक्का झाला, दम्मामहून मंजुरी आली, क्रमांक मेक्सिकोला गेले. साइटवरच्या कॅम्पमधल्या खोल्यांची वाटणीसुद्धा मी आडनावं बघून करून टाकली.

भट्टी बंद व्हायला अकरा दिवस राहिले असताना संध्याकाळी फोन वाजला. पलीकडे घोगरा, मोठा आवाज. इंग्रजी माझ्याइतकंच कच्चं, त्यामुळे आमचं लगेच जमलं.

"मिस्टर अनंत? मी एर्नेस्तो. वकिलातीतून आलोय. आम्हा नऊ जणांना परत पाठवलं."

"का?"

"मित्रा, तू माझ्या आईला व्हिसा दिलास. ती फार चांगली बाई होती, पण वारून बारा वर्षं झाली."

मला काही कळेना.

"रिवास माझी आई. तिच्या घराण्याचं नाव. ते शेवटी असतं. मी साल्गादो! माझा बाप साल्गादो, माझा मुलगा साल्गादो. तू साल्गादोला माझ्या बापाचं पाळण्यातलं नाव केलंस. वकिलातीतला माणूस विचारतो, पासपोर्टवर साल्गादो आहे, हा रिवास कोण?"

"आणि मुलगा कोण?" मी विचारलं.

"राउल! यादीत चौथा. त्याची आई पेन्या. तू माझ्या पोराला माझ्यापासून तोडून भलत्याच घरात दत्तक दिलंस!" आणि तो खो खो हसला. मागून आणखी काही जण हसल्याचं ऐकू आलं. मी हसलो नाही. एक चूक असती तर टाइपिंगची म्हणता आली असती. ही नऊ वेळा तीच होती. जगातली सगळी माणसं आमच्या संगमेश्वर तालुक्यातली आहेत असं धरून मी चाललो होतो.

घरी गेलो तर चाचा पाट्यावर वाटण वाटत होते. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "तोंड का पाडलंस? घरचं बरं आहे ना?" मी सगळं सांगितलं. त्यांनी वरवंटा थांबवला. "म्हणजे तू कोणाला विचारलंसच नाही?" मी नारळ खवायला बसलो. "अरे, मासळीसुद्धा डोळ्यात बघून घेतो आपण. ही तर माणसं." मग त्यांनी माझ्यापुढे ताट सरकवलं. "जेव आधी. उपाशी माणसाला कोणी शिक्का देत नाही. आणि उद्या त्या तारूतवाल्याला सांग. त्याला लोक ओळखतात."

त्या संध्याकाळी जेवताना मला मामा आठवले, आणि मशीनमध्ये अडकवलेला तो कागद. सकाळी लवकर कचेरीत जाऊन मी अबू सालेहला सगळं सांगितलं, आणि सांगताना हेही सांगितलं की मी त्याला आजवर अर्धंच शिकवलं. तो कॉफी ओतत होता. म्हणाला, "ठाऊक आहे. मासळीबाजारातही नवीन माणसाला वजनाचा काटा कोणी पहिल्या दिवशी देत नाही. यल्ला, दम्मामला चल."

परराष्ट्र खात्याच्या खिडकीत एक तरुण अधिकारी होता. त्याने कागद बघून सरळ सांगितलं, नवीन अर्ज करा, तीन आठवडे लागतील. मी एकटा असतो तर "शुक्रन", म्हणजे आभार, म्हणून परतलो असतो. अबू सालेह खिडकीला कोपर टेकून उभा राहिला आणि त्याने त्याला त्याचं कुटुंब विचारलं. दोन मिनिटांत निघालं की अधिकाऱ्याचे वडील वर्षानुवर्षं दर बुधवारी अबू सालेहच्या दुकानातून मासे न्यायचे आणि घासाघीस करताना चष्मा कपाळावर चढवायचे. अधिकारी हसायला लागला. "अजूनही चढवतात," म्हणाला.

मग अबू सालेहने त्याला समजावलं ते मला जन्मभर पुरलं. "तुझं नाव कसं चालतं? तू, मग बाप, मग आजोबा, मग कबिला. हा अबू विश्राम हिंदी आहे, याच्या गावात माणूस, मग बाप, मग घराणं. मेक्सिकन लोकांत माणूस, मग बापाचं घराणं, मग आईचं घराणं. याने पाहुण्यांना आपल्या गावच्या पंगतीत बसवलं. माणसं तीच, पासपोर्ट तेच. फक्त पाट चुकले."

अधिकाऱ्याला ते भलतंच आवडलं. "आईचं घराणं शेवटी? म्हणजे मामांचं नाव?" त्याने विचारलं. "वल्लाह, या लोकांचे मामा नशीबवान!"

मला काय झालं ते तेव्हा सांगता आलं नसतं. त्या रांगेत, त्या पंख्याखाली, माझे डोळे भरून आले आणि अबू सालेहला वाटलं मी व्हिसासाठी रडतोय. त्याने माझ्या पाठीवर थाप मारली. अधिकाऱ्याने सांगितलं, पासपोर्ट क्रमांक तेच आहेत असं कंपनीचं पत्र, स्पष्ट दिसणाऱ्या प्रती आणि नऊ जणांची बरोबर नावं अरबीत, हे सगळं शिक्क्यासह उद्या दुपारच्या नमाजाआधी आणा. नवीन अर्ज नको, हाच दुरुस्त करतो.

दुसऱ्या दिवशी पहाटेची नमाज संपल्यावर आम्ही दोघे कचेरीत होतो. मेक्सिकोत तेव्हा आदल्या दिवसाची रात्रीच्या जेवणाची वेळ. एर्नेस्तोने नऊ जणांना आपल्या घरी गोळा केलं होतं. मागे भांड्यांचा, पोरांचा, कोणाच्या तरी गिटारचा आवाज येत होता. पासपोर्टची पानं आधी झेरॉक्सवर मोठी आणि फिकी करून मग फॅक्स करा, असं सांगितल्यावर या वेळी प्रती लख्ख आल्या. पण मी त्या उलट्या ठेवल्या. फोन स्पीकरवर लावला, मशीनमध्ये कागद घातला आणि मामांसारखं विचारलं.

"तुझं नाव काय?"

"एर्नेस्तो."

"वडिलांचं घराणं?"

"साल्गादो."

"आईचं?"

"रिवास." मग जरा थांबून, "नीट लिही हं. तिला आवडायचं नाही चुकलेलं."

मी इंग्रजीत टाइप करत होतो, अबू सालेह माझ्या शेजारी अरबीत लिहीत होता. त्याचं अक्षर इतकं सुंदर होतं हे मला त्या दिवशी कळलं. पाकिटं चिकटवणाऱ्या माणसाचं अक्षर कोण बघतं? एकेक नाव झालं की मी सगळी ओळ वाचून दाखवायचो, आणि पलीकडून "बरोबर" आलं की पुढचा. राउलने आईचं नाव सांगितलं तेव्हा मागून खुद्द त्याची आई ओरडली, "पेन्या! पेन्या!" आणि सगळं घर हसलं. सातवा माणूस लाजरा होता, त्याने आईचं नाव इतकं हळू सांगितलं की बाकीच्यांनी ते कोरसमध्ये म्हटलं. नववा "बरोबर" म्हणाला तेव्हा मी कागद मशीनमधून काढला. आमच्या खोलीखालच्या भट्टीतून चाचांनी आणलेली गरम रोटी आणि वाटाण्याची उसळ आम्ही त्याच टेबलावर खाल्ली. माझ्या आठवणीत इतकी चवदार न्याहरी दुसरी नाही.

शिक्के वेळेत झाले. अधिकाऱ्याने नऊ ओळी तपासल्या, शेवटच्या नावापाशी थांबून पुन्हा एकदा "मामा!" म्हणाला आणि सही केली. भट्टी बंद व्हायच्या दोन दिवस आधी आम्ही विमानतळावर होतो. माझ्या हातातल्या पुठ्ठ्यावर नऊ नावं होती, एकही आडनाव न गाळता, त्यामुळे पुठ्ठा दारासारखा मोठा झाला होता. पासपोर्टच्या खिडकीवर नऊच्या नऊ जणांना शिक्का पडला. एर्नेस्तो बाहेर आला, उंच, मिशीवाला. पुठ्ठा वाचला, 'रिवास'वर बोट ठेवलं आणि मला मिठी मारली. बापलेकांना मी या वेळी एकाच खोलीत ठेवलं, राउलने मात्र पहिल्याच दिवशी येऊन विचारलं, "मला परत पेन्या करता येईल का? बाबा घोरतात."

पुढच्याच शुक्रवारी चाचांनी सगळ्यांना आमच्या खोलीवर जेवायला बोलावलं. नऊ मेक्सिकन, अबू सालेह आणि आम्ही दोघे, बारा माणसं त्या खोलीत कशी मावली कोण जाणे. एसी उचक्या देत होता. एर्नेस्तोने सामानातून मक्याचं पीठ आणलं होतं. चाचांनी तांदळाची भाकरी थापली आणि शेजारी त्याने आपली पोळी थापली. चाचांनी ती उचलून उन्हाकडे धरली. "ही आमचीच भाकरी," ते म्हणाले. "उपास करून बारीक झालेली." मिरच्यांची पैज लागली, ती मेक्सिकनांनी जिंकली आणि अबू सालेहच्या डोळ्यांतून धारा लागल्या. तो रडत रडत म्हणत होता, "मबरूक, मबरूक," म्हणजे अभिनंदन, आणि अभिनंदन नक्की कोणाचं ते कोणालाच समजत नव्हतं.

मॅनेजरने शब्द पाळला. मी साइटवर गेलो. जाण्याआधी एक आठवडा बसून मी अबू सालेहला एकूणएक फाईल दाखवली, काहीच डोक्यात ठेवलं नाही. खुर्ची त्याची झाली. त्याच्या देशातली कचेरी, त्याच्या भाषेतले कागद, आणि बसायला मात्र मी. यात रागावण्यासारखं काय होतं, हे मला आज समजत नाही. आता आपल्याकडेही सरकारी कागदावर आईचं नाव लिहायची पद्धत आली आहे. ते वाचलं तेव्हा मला ती फॅक्सवरची काळी पानं आठवली.

त्या शुक्रवारी सगळे गेल्यावर, भांडी घासून झाल्यावर, मी मामांना पत्र लिहिलं. मामा गेल्यानंतर मामीने ते मला परत दिलं. टाइपरायटरच्या पेटीत घडी करून ठेवलेलं होतं. इथे जसंच्या तसं उतरवतो.

रहीमा, शुक्रवार

तीर्थरूप मामांना अनंताचा साष्टांग नमस्कार.

कोकम आणि कुळथाचं पीठ चाचांच्या भाच्याने नीट आणून दिलं. मामीला सांगा, आज तिच्या पिठाची पिठी एका मेक्सिकन माणसाने तीन वाट्या प्यायली आणि कृती लिहून नेली.

माझी नोकरी राहिली. खुर्ची गेली, पण साइटवर दुसरी जागा मिळते आहे, इकामाही बदलेल. काळजी करू नका.

एक चूक सांगायची आहे. नऊ माणसांचे अर्ज मी त्यांना न विचारता भरले आणि कोणालाही वाचून दाखवले नाहीत. फणसाखाली तुमच्या शेजारी बसून मोठा झालो आणि असा वागलो. मग फोनवरून एकेकाला विचारलं आणि वाचून दाखवलं. नववा "बरोबर" म्हणाला तेव्हाच कागद काढला.

इथे मला अबू विश्राम म्हणतात. म्हणजे विश्रामचा बाप. हसू नका. मुलगा होईल तेव्हा त्याचं नाव ठरलेलं आहे, असा त्याचा अर्थ.

मामा, दहावीचा फॉर्म भरताना मी तुमच्याशी भांडलो होतो. बापाचं नाव खोडून अर्ज भरत नाही, असं तुम्ही म्हणालात. तुमचं बरोबर होतं. पण या मेक्सिकन लोकांत काही खोडावं लागत नाही. वडिलांचं घराणं आधी येतं, आईचं त्याच्यामागे, एकाच ओळीत. माझ्या आईचं घराणं म्हणजे तुमचं घर. सरकारी कागदावर मला असं लिहिता येणार नाही, ते मला समजतं. पत्र सरकारी नाही, म्हणून इथे लिहिलं आहे. तुमच्या पद्धतीने एकदा मोठ्याने वाचून बघा, आणि बरोबर असेल तर कळवा.

तुमचा,
अनंत मांडवकर शिगवण